वाघ नदीकाठचा बुद्ध आणि मी

१६ मे १९३७. पाथरटोला. दुपार.
आज मी एक शोध लावला. म्हणून ही डायरी. ती खाजगी आहे. रुख्मानेसुद्धा वाचू नये. रुख्मा म्हणजे माझी बायको. तिला वाचता येतं, तेवढं सोडलं तर बाकी ठीक आहे.

हकीकत अशी. रुख्माचे मामा बिसराममामा, त्यांच्या मुलीचं लग्न. आमगाव स्टेशनवर उतरून बैलबंडीने इथे आलो. मांडवात उकाडा. मला नव्या सतरंजीवर बसवलं आणि जो येतो तो विचारतो, जवाईबापू जेवले का. तीनदा जेवलो. पुन्हा कोणी विचारायच्या आत छत्री घेऊन नदीकडे सटकलो. वाघ नदीच्या दरडीवर पडकं दगडी देऊळ आहे. सावली बघून आत शिरलो. आत एकजण मांडी घालून बसलेला. अंधारात मला वाटलं माणूसच आहे, म्हणून 'रामराम' म्हणालो. उत्तर आलं नाही. जवळ जाऊन बघतो तर मूर्ती. डोळे मिटलेले, कान लांब, हात मांडीवर, तेलाने काळी कुळकुळीत. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हा बुद्ध आहे.

गावात चौकशी केली. त्याला 'बसल्यादेव' म्हणतात. देवकाबाई नावाची म्हातारी रोज दिवा लावते. तिच्या आधी तिची सासू लावायची. पण हा बुद्ध आहे हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालेला पहिला माणूस मी. म्हणजे शोध माझा.

माप घेतलं. टेप नव्हता, छत्रीने घेतलं. गाभारा पावणेदोन छत्र्या. मूर्ती एक छत्री, मूठ सोडून.

१९ मे. गोंदिया.
परत मिलमध्ये. राइस मिल माझ्या सासऱ्यांची, शालीकराम सेठ यांची. मी तिथे हिशेब बघतो आणि त्यांच्याच घरी राहतो. माझं नाव गोवर्धन आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे ते कुठेच वापरात नाही. हमाल मला 'जवाईबाबू' म्हणतात, स्टेशनमास्तर 'सेठ के दामाद' म्हणतात, आणि आज पोस्टमन माझ्या पाकिटावरचं माझंच नाव वाचून मला विचारतो, ये कौन है.

बास झालं. आता हे बदलणार. या देवळाशी माझं नाव कायमचं जोडलं जाईल. आगगाडीने टूरिस्ट येतील, आमगावला उतरतील, बंडीवाल्याला म्हणतील, गोवर्धनबाबूंच्या बुद्धाकडे चल. मग सासरेच लोकांना सांगतील की मी गोवर्धनबाबूंचा सासरा.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. देवळावर पुस्तक लिहिणे, रोज चार पानं. पाली भाषा शिकणे. चहा बंद.

२० मे. सकाळी साडेआठ.
उठलो. चहा घेतला. या दिवसांत पहाट फार लवकर होते, त्याला कोण काय करणार.

३ जून.
पुस्तकाचं नाव ठरलं. 'वाघतीरीचा बुद्ध: प्रवाशांसाठी सचित्र मार्गदर्शिका, शोधकर्ते गोवर्धनबाबू'. मुखपृष्ठाचं पान सहा वेळा लिहिलं. अक्षर शेवटी मनासारखं आलं. आतलं पुस्तक आता राहिलंच किती.

पालीचं पुस्तक गोंदियात मिळत नाही. दुकानदाराला वाटलं, मी पाली नावाच्या गावाचं पुस्तक मागतोय. नाद सोडला. बुद्ध काही मला पालीत बोलणार नाही.

९ जून.
वाचनालयात वकीलसाहेबांना गाठलं. ते वाचनालयाचे अध्यक्ष. शोधाची हकीकत सांगितली, रामरामचा भाग वगळून. ते खूश झाले. म्हणाले, नागपूरला माझे एक स्नेही आहेत, जुन्या मूर्तींचे जाणकार. ते येऊन बघतील आणि रिपोर्ट छापतील. शोध कोणाचा, तेही रिपोर्टात येतं. दिवाळीनंतर नद्या उतरल्या की बोलावू.

दिवाळीनंतर. म्हणजे तोवर कोणीही उठून माझा बुद्ध आपल्या नावावर करणार. वकीलसाहेबांचा कारकून शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होता. त्याचा चेहरा मला आधीपासून आवडत नाही. मी आग्रहच धरला. शेवटी ठरलं, नागपूरचे साहेब रायपूरला जाताना इथे उतरतील, ८ ऑगस्टला. वकीलसाहेब म्हणत होते पावसापाण्याचं काय. मी म्हटलं, हिरवळीत देऊळ जास्त खुलतं.

१० जून.
घरात नियम केला. देवळाबद्दल अडाणी माणसांनी मत द्यायचं नाही आणि माझ्यासमोर 'बसल्यादेव' हा शब्द काढायचा नाही. रुख्मा म्हणाली, बरं. छोटेलाल, म्हणजे माझा साळा, म्हणाला, मंग उभादेव म्हनाचं का जिजाजी. या घरात विद्येचं वातावरण नाही.

२७ जून.
टूरिस्टाचा पोशाख शिवून आला. खाकी हाफपँट, खाकी शर्ट, सोला हॅट. हॅट थोडी मोठी आहे, कानांवर टेकते. आरशासमोर उभा होतो तर मामाजी, म्हणजे सासरे, दारातून बघून गेले. मग परत आले आणि विचारलं, कोन्या नाटकात काम भेटलं. मी हॅट सरळ केली. हे लोक पुढे माझा फोटो मिलच्या ऑफिसात लावतील, तेव्हा आठवण करून देईन.

रुख्माने गुडघे झाकत नाहीत एवढंच सांगितलं. रुख्मा कधीकधी मुद्द्याचं बोलते. पण आता उशीर झाला.

११ जुलै. पाथरटोला. संध्याकाळ.
इन्स्पेक्शन टूर. सोबत छोटेलाल. मृगाचा पाऊस पडून गेला तो गेलाच. भातशेतीच्या बांध्या कोरड्या, रोवण्यासाठी टाकलेली पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडली आहेत. लोकांचे चेहरे उतरलेले. पण मला बघताच सगळे उठून उभे राहिले. बिसराममामांनी परात मागवली, माझे पाय धुतले, बाजेवर नवी गोधडी टाकली. मला भरून आलं. अशा कठीण दिवसांतही खेड्यात विद्येची कदर आहे. छोटेलाल तोंडावर टॉवेल धरून खोकत होता.

देवळात सगळा गाव जमला. मी लेक्चर दिलं. विषय बुद्धाचा करुणाविचार. तयारी केली नव्हती, पण असा बोललो की मीच चकित झालो. गावकरी सांगत होते की पाऊस यावा म्हणून गावाच्या महादेवाले पाण्यात कोंडून ठेवलं, पन काई होऊन नाई राहिलं. तो धागा मी अचूक पकडला. म्हटलं, त्या बिचाऱ्या छोट्या महादेवाला कशाला छळता. इथे केवढा मोठा बसला आहे तुमच्या गावात. यानं साऱ्या जगाचं दुःख आपल्या अंगावर घेतलं. राज्य सोडलं, महाल सोडला, पण दुःखी माणसाला कधी नाही म्हटलं नाही.

सगळे मूर्तीकडे वळून बघू लागले. परिणाम झाला होता. बिसराममामांनी विचारलं, म्हन्जे याले सांगितलं त याले चालन का जवाईबापू. मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, त्याचं कामच ते. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी देवकाबाईने विचारलं, त्याले थंडी त नाई लागनार जी. भोळी म्हातारी. मी हसून सांगितलं की हा जंगलाजंगलांत हिंडलेला आहे, याला थंडीचं काय. तिने पदराने मूर्तीचे गुडघे पुसले.

गावाने बुद्ध समजून घेतला. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वात यशस्वी.

१४ जुलै. गोंदिया.
पाऊस नाही. मामाजी दिवसभर आभाळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. जणू मी अडवून धरलाय.

आठ ऑगस्टचा प्रोग्राम आखला. आधी देवळाबाहेर थांबून मी प्रस्तावना करणार, मग एका बाजूला सरकणार, आणि हात दाखवून म्हणणार, पाहा. तेवढाच शब्द. आरशासमोर प्रॅक्टिस केली. हात कोणता दाखवायचा ते ठरत नाही. उजव्या हातात छत्री असते.

२१ जुलै.
पाऊस. सकाळपासून कोसळतोय. मिलच्या पत्र्यावर एवढा आवाज की स्वतःचं भाषण ऐकू येत नाही. मामाजींनी हमालांना पेढे वाटले. मला दोन दिले. जरा विचित्र नजरेने दिले. म्हणाले, घ्या, तुमचा मान. बहुतेक मन बदलतंय.

२४ जुलै.
अजून पाऊस.

२६ जुलै.
प्रस्तावना पाठ करत होतो. रुख्मा दारात येऊन उभी राहिली. मामाकडून माणूस निरोप घेऊन आला म्हणाली, त्या बसल्या… आणि थांबली. मी नियमाची आठवण करून दिली. तिने पुन्हा सुरुवात केली, बरं बुद्धाचं म्हणते, त्याले… मी म्हटलं, रुख्मा, आठ तारीख होऊन जाऊ दे, मग हवं तेवढं बोल. ती गेली. बायकांना कामाच्या वेळीच सगळं सुचतं.

३० जुलै.
छोटेलाल धानाच्या रोवण्यासाठी पाथरटोल्याला गेला होता, आज परत आला. चिखलाने माखलेला, हसत. म्हणाला, जिजाजी, तिकडे तुमचंच नाव होऊन राहिलं गावोगाव. पार देवरीपर्यंत. मी का ते विचारलं नाही. आपण होऊन विचारणं मोठ्या माणसाला शोभत नाही. त्याला एक आणा दिला.

तो पुढे म्हणाला की तरी जायच्या आधी एकदा माज्याकडून ऐकून घेजा. मी म्हटलं, जे बघायचं ते मी साहेबांसोबतच बघेन. छोटेलालच्या तोंडून ऐकलेला रिपोर्ट घेऊन मी विद्वानांसमोर जाऊ काय.

५ ऑगस्ट.
छत्री गाडीत विसरली. लॉस्ट प्रॉपर्टीत नाही. नवी घेतली, पण ती जुनीपेक्षा वीतभर लांब आहे. म्हणजे माझी सगळी मापं गेली. पुस्तकाचं मुख्य प्रकरण मापांचं होतं. आता ते पुन्हा लिहावं लागणार, म्हणजे लिहावं लागणार.

छत्रीनेसुद्धा दगा द्यावा. अकरा वर्षं सोबत होती.

८ ऑगस्ट.
काही लिहिणार नाही.

९ ऑगस्ट. सकाळ.
लिहितो. कोणाला तरी सांगायला हवं, आणि माणसांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

आमगावपर्यंत ठीक होतं. नागपूरचे साहेब उंच, चष्मेवाले, गळ्यात कॅमेरा, बोलणं मवाळ. वकीलसाहेबांनी ओळख करून दिली, हे आमचे श्री. गोवर्धन, यांचा शोध. साहेबांनी हात मिळवला. माझ्या नावाने माझा हात कोणी पहिल्यांदाच मिळवला असेल. बंडीत मी पुढे बसलो. चिखल खूप, दोनदा उतरून ढकलावी लागली. हॅट डोळ्यांवर आली तरी मी ती सावरली नाही, कारण एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने वकीलसाहेबांची बॅग धरली होती.

देवळाबाहेर सगळा गाव उभा. ढोल. तोरण. माझ्या प्रस्तावनेच्या आधीच बिसराममामांनी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मी साहेबांकडे बघून मंद हसलो. प्रस्तावना केली. बाजूला सरकलो. डावा हात दाखवून म्हणालो, पाहा.

साहेब आत गेले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं, कुठे.

मी आत गेलो. चौथरा रिकामा. त्यावर एक दिवा, बाकी काही नाही. ज्या जागी मूर्ती बसायची तिथे दगडावर तेलाचा गोल डाग. पहिला विचार आला वकिलांच्या कारकुनाचा.

बिसराममामा आनंदाने पुढे झाले. साहेबांना हाताला धरून काठावर घेऊन गेले. नदी दुथडी भरलेली, गढूळ, पायऱ्या सगळ्या पाण्याखाली. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला एक जाड दोर बांधलेला, तो ताणून पाण्यात गेलेला. मामा म्हणाले, थ्यो पाहा साहेब, खाली बसून हाय. साहेबांनी विचारलं, कोण. मामा म्हणाले, देव जी.

मग सगळं बाहेर आलं. मी लेक्चर दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सहा जणांनी मूर्ती कावडीवर घेऊन डोहात उतरवली. महादेवाच्या जागी. कमरेएवढ्या पाण्यात, नीट दोर बांधून, फुलं वाहून. नऊ दिवसांनी पाऊस आला आणि असा आला की नदीच चढली. आता पाणी उतरेपर्यंत कोणाला खाली जाता येत नाही. मामा म्हणाले, पऱ्हं जगली साहेब, सारा रोवणा झाला, आमच्या जवाईबापूच्या शब्दानं.

मी म्हटलं, मामा, मी तत्त्वज्ञान सांगत होतो. ते म्हणाले, थे आमाले काई समजलं नाई जी. पन जवाई बोलले. जवायाचा शब्द आमच्या गावात खाली पडू देत नाई.

साहेबांनी वकीलसाहेबांना हळूच विचारलं, हे गृहस्थ नक्की कोण. वकीलसाहेब माझं नाव सांगणार तोच बिसराममामांनी सांगितलं, आमचे भाचजवाई, गोंदियाच्या शालीकराम सेठचे जवाई. साहेबांनी खिशातून वही काढून काहीतरी टिपलं.

तेवढ्यात परात आली. मी नको म्हणालो, तीनदा. बायांनी मला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि साहेब, वकील आणि सगळ्या गावासमोर माझे पाय धुतले. हाफपँटमुळे त्यांना सोपं गेलं. देवकाबाईने हळद लावली. ती रडत होती. म्हणाली, माज्या देवाले थंडी नाई लागली ना बापू, तुमी म्हनाले होते. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

साहेबांनी दोराचा फोटो काढला. इतक्या लांब येऊन काहीतरी न्यायला हवं म्हणून असेल.

९ ऑगस्ट. दुपार.
मला फसवलं आहे. सगळ्यांनी मिळून. बिसराममामांनी फसवलं, मान देऊन देऊन फसवलं. छोटेलालने फसवलं, त्याने डोहात गेलेला दोर डोळ्यांनी बघितला होता आणि वर माझा एक आणा घेतला. मामाजींनी पेढे देऊन फसवलं. वकीलसाहेब परतीच्या गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत खांदे हलवत होते. ते हसत होते की रडत होते ते मागून कळलं नाही, पण दोन्ही मला सारखंच.

बुद्धानेही फसवलं. सहा माणसं उचलून पाण्यात नेतात आणि हा डोळे मिटून बसून राहतो. एवढी करुणा सगळ्या जगासाठी, त्यातली थोडी मला पुरली असती.

१० ऑगस्ट.
रुख्माला जाब विचारला. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मी सांगाले आली होती. एकदा दारात, एकदा तुमी हॅट घालून होते तवा, एकदा जेवताना. तुमीच म्हनाले का अडानी मानसानं देवळाबद्दल बोलाचं नाई. मामाले वाटलं तुमाले माहीतच आहे, तुमीच सांगितलं होतं.

मी म्हटलं, माझं नाव व्हायचं होतं त्या दिवशी. बारा वर्षं वाट बघतोय. हे बोलताना माझा आवाज चिरकला आणि मला त्याचा राग आला.

तिने लाटणं ठेवलं. म्हणाली, नाव झालं ना. गावची पऱ्हं वाळून चालली होती, आता साऱ्या बांध्या रोवल्या. लोकं तुमाले दुवा देऊन राहिले. मंग कायले रडता.

मी रडत नव्हतो. चुलीचा धूर होता. तिला मुद्दा कधी कळणारच नाही.

११ ऑगस्ट.
निश्चय. त्या देवळाशी माझा संबंध संपला. पुन्हा पाऊल टाकणार नाही. ते बोलावतील, विनवतील, तरी नाही.

४ सप्टेंबर. पोळा.
बिसराममामांचं बोलावणं आलं. बैलांच्या पूजेला जवाई पाहिजे म्हणे. तब्येतीचं कारण सांगितलं. छोटेलाल आणि रुख्मा गेले. मी घरी एकटा. हाफपँट काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. हॅटमध्ये मांजरीने पिल्लं घातली आहेत, तिला उठवावंसं वाटलं नाही.

रुख्मा परत आल्यावर सांगत होती की दुसऱ्या गावचे लोकही आता त्या डोहावर नारळ घेऊन येतात. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

९ नोव्हेंबर.
वकीलसाहेबांचा शिपाई आला. नागपूरचे साहेब पुन्हा येत आहेत, नदी उतरली, गावाने मूर्ती बाहेर काढली, मी सोबत यावं अशी विनंती. विनंती. ज्या माणसाने तीन महिन्यांत एकदाही माझी विचारपूस केली नाही, त्याची. उत्तर दिलं की मला वेळ नाही. मग दिवसभर खिडकीशी बसून होतो. स्टेशनकडून गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा उठलो.

त्यांना माझ्याशिवाय काय दिसणार आहे. प्रस्तावना माझ्याकडे आहे.

१२ डिसेंबर.
वाचनालयात गेलो. रिपोर्ट छापून आला आहे. काचेच्या कपाटात उघडून ठेवला आहे, सगळ्यांना वाचता यावा म्हणून. मी लोक गेल्यावर वाचला.

मूर्ती बुद्धाचीच. उत्तम कारागिरीची. साहेब लिहितात, पिढ्यानपिढ्यांच्या तेलाचा थर पाण्याच्या धारेने निघून गेल्यामुळे अंगावरच्या चिवराच्या चुण्या आता स्पष्ट दिसतात आणि त्यावरून मूर्तीची ओळख पटली. म्हणजे मी ती बुडवली नसती तर ती ओळखूच आली नसती. हे कोणी लिहिलेलं नाही. गावकऱ्यांच्या जुन्या रूढीचे आभार मानले आहेत. देवकाबाईचा फोटो आहे, दिवा हातात घेऊन. गावाचं नाव आहे, नदीचं आहे, बिसराममामांचं आहे. वकीलसाहेबांच्या कारकुनाचंसुद्धा आहे, बंडीची व्यवस्था केल्याबद्दल. माझं नाव दोनदा शोधलं. मग आकृतींखालची अक्षरंही वाचली.

शेवटच्या परिच्छेदात हे आहे. उतरवून घेतलं:

'देवळाखालील खोल पाण्याला लोक जवायाचा डोह म्हणतात. हे नाव आसपासच्या अनेक गावांत रूढ असून फार प्राचीन दिसते. कोणा राजाच्या जावयाची दंतकथा त्यामागे असावी. तो जावई कोण, हे आता कळण्यास मार्ग नाही.'

१३ डिसेंबर.
साहेबांना पत्र लिहायला बसलो. खुलासा करणं आवश्यक आहे. शोधाचा इतिहास चुकता कामा नये. चांगला कागद घेतला, तारीख घातली, मायना लिहिला. मग लिहिलं, महाशय, तो जावई मी.

ती ओळ चार तऱ्हांनी बदलून बघितली. दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने ते सांगता येत नाही.

कागद फाडला. एवढ्यात अंगणातून हमालाने हाक मारली, जवाईबाबू, धानाच्या बंड्या आल्या.

आलो, म्हटलं.